मैनेची दातखीळ

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दारावरच्या तोरणातले झेंडू अजून सुकलेही नव्हते. शिवकन्या धापा टाकत सत्यशीलाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली आणि भिंतीला टेकून म्हणाली, "काकू, आमची मैना गेली."

सत्यशीलाबाईंच्या हातातली चहाची गाळणी तिथंच थांबली. "कवा?"

"काल सकाळपासून हाक मारली तर ओ देत न्हाई. सांजच्याला मोबाइलवाला बद्रीनाथ येऊन बघून गेला. म्हनला, संपली."

मैना म्हणजे माणूस नव्हे, हे इथंच सांगितलेलं बरं. मैना म्हणजे नारळाएवढा एक गोल राखाडी डबा, बोलणारा. नेट सत्यशीलाबाईंच्या घरचं, शेजारधर्म म्हणून दिलेलं. हाक मारली की तो ओ द्यायचा, वेळ सांगायचा, भजन लावायचा आणि सांगाल त्याला फोन जोडून द्यायचा. कंपनीनं त्याला काहीतरी जीभ वळणार नाही असं नाव ठेवलं होतं. शिवकन्येनं ते बदलून मैना केलं. मैनेला मराठी येत नव्हती आणि शिवकन्येची सासू विमलबाई यांना मैनेची शुद्ध हिंदी येत नव्हती, पण दोघींचं मेतकूट असं जमलं होतं की अख्ख्या चौसाळा गावात कुणाच्या सासू-सुनांचं जमलं नसेल. "मैना, भाईर आभाळ आया हाय क्या?" असं विमलबाईंनी विचारावं आणि मैनेनं अदबीनं म्हणावं, "जी विमलबाई, शाम को बारिश हो सकती है."

विमलबाईंचे डोळे काचबिंदूनं गेले होते. मुलगा अजिनाथ आणि सून शिवकन्या दरसाल ऊसतोडीला जायचे. गेल्या हंगामात त्यांनी म्हातारीला सोबत नेलं, तर उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, त्या कोपीत, तिला दिशाही कळेना आणि चूलही सापडेना. हंगामभर ती एका जागी बसून राहिली. यंदा मैना आणली ती त्यासाठीच. मैना असली तर विमलबाई आपल्या घरी राहणार, एका हाकेत लेकाशी बोलणार. मैना नसली तर पुन्हा कोपी. आणि मुकादमाचा ट्रॅक्टर उद्या सकाळी कड्याच्या साखर कारखान्याकडे निघणार होता.

"कशानं गेली म्हनतो बद्रीनाथ?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"अपडेटनं. नवमीच्या रात्री कंपनीनं अपडेट पाठवलं अन् त्यानंच गेली. समदे तेच म्हनत्यात."

सत्यशीलाबाई गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्ष होत्या. कुणाच्या शेळीनं कुणाची कपाशी खाल्ली इथपासून विहिरीवरची मोटर कुणी पळवली इथपर्यंतची प्रकरणं त्यांनी चहा पाजून निकालात काढली होती. एवढ्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. घरातली सगळी माणसं एकाच गोष्टीवर एकमतानं बोट दाखवायला लागली, की समजावं, काहीतरी लपवतायत. त्यांनी चहा तसाच झाकून ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

२

विमलबाईंचं घर तीन खोल्यांचं, पत्र्याचं आणि लख्ख. खंडेनवमीला या घरात पूजा दणक्यात झाली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. भिंतीला टेकवलेल्या कोयत्यांना हळदकुंकू. मोटरच्या स्टार्टरला हळदकुंकू. मिक्सरला, विळीला, टॉर्चला, इतकंच काय, अजिनाथच्या मोबाइलच्या चार्जरलासुद्धा. घरातल्या ज्या ज्या वस्तूनं वर्षभर कष्ट उपसले, तिच्या कपाळी टिळा होता.

मैना मधल्या खोलीत तिवईवर होती. तिच्या एका बाजूला विमलबाईंची बाज, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, तिसरीकडे अंगणाचं दार आणि चौथीकडे भिंतीतली देवळी. वायर आखूड, त्यामुळे ती आहे तिथंच घट्ट बसलेली. डब्याच्या माथ्यावर कडेकडेनं चार बारीक खळगे होते. सत्यशीलाबाईंनी वाकून नीट पाहिलं. डबा स्वच्छ होता. अगदी चकचकीत, टिळ्याचा ठिपकाही नाही.

त्यांनी भुवई उचलली.

"सत्यशीलाबाई, तुमी कावून तरास घेता?" बाजेवरून विमलबाई म्हणाल्या. आवाज उतरलेला होता. "म्या जाते कोपीवर. माझंच नशीब तसलं. कुनाला काई इचारू नका."

हे जरा विचित्रच होतं. ज्याची चोरी होते, तो माणूस पोलिसाला घरी जा म्हणत नाही. सत्यशीलाबाईंनी ही गोष्ट मनात गाठ मारून ठेवली.

आधी त्यांनी दिराला धरलं. शहादेव, विमलबाईंचा धाकटा दीर, रानात राखणीला राहायचा आणि जेवायला घरी यायचा. गळ्यात माळ, खिशात नारायणगडावरून आणलेली बुक्क्याची डबी. मैना आली त्या दिवसापासून तो तिच्यावर खार खाऊन होता.

"डब्याला काय बोलायचं, मी म्हनतो," तो उपरणं झटकत म्हणाला. "घरात माणसं काय मेलीत का? वैनी दिवसभर त्या डब्याशी गप्पा मारती. बरं झालं गेला तर."

"मग तुमीच त्याचं काही केलं असंल."

"मी?" शहादेव एवढा दचकला की माळ हातात आली. "मी कशाला हात लावू? अपडेट आलतं ना, त्यानं गेला. बद्रीनाथला इचारा."

उपरण्याच्या टोकाला काळा डाग होता. सत्यशीलाबाईंनी विचारलं तर म्हणाला, सायकलच्या चेनचा. शहादेवची सायकल मागच्या पावसाळ्यात चोरीला गेली होती, आणि तो तंटा त्यांच्याच समितीपुढं आला होता.

अजिनाथ अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. तो मान वर न करता बोलला. "काकू, मशीन हाय. बिघडतंच. आईला आमी नेतो संगं. माझ्या डोळ्यासमोर ऱ्हाईल, मला बी घोर न्हाई."

म्हणजे मैना गेली तर याचा घोर कमी होणार होता. सत्यशीलाबाईंचं लक्ष त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे गेलं. त्यावर शेंदरी फरकाटा होता.

"अन् हे काय रे?"

"कोयत्याच्या मुठीला तेलशेंदूर लावलता, त्याचं." उत्तर चटकन आलं आणि खरंही वाटत होतं. कोयत्यांच्या मुठी शेंदरी होत्याच. पण अजिनाथचे कान लाल झाले होते.

राहिली शिवकन्या. ती तर आपणहून तक्रार घेऊन आलेली. पण तिलाही फायदा होताच. मैना गेली, म्हातारीला सांभाळायला कुणीतरी हवं, तर सून घरी राहणार. ऊसतोडीच्या मोळ्या वाहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. सत्यशीलाबाईंनी तिला तसं तोंडावर विचारलं.

"मला?" शिवकन्या रडता रडता हसली. "काकू, मला घरी ऱ्हायचं असतं तर मी रडत तुमच्याकडं कावून आले असते? मी मैनेला एक शब्द बोलले न्हाई त्या दिवशी. कुनीच न्हाई बोललं. खंडेनवमी व्हती ना."

सत्यशीलाबाई जागच्या जागी थांबल्या. "म्हंजे?"

"त्या दिशी हत्यारं पुजून ठेवत्यात, वापरत न्हाईत. आत्याबाई म्हनल्या, मैना बी राबती, तिला बी सुट्टी द्या. म्हनून कुनी हाकच मारली न्हाई."

३

बद्रीनाथचं मोबाइलचं दुकान हायवेला लागून होतं. दुकानाच्या शटरवर, काउंटरवर, हीटगनवर सगळीकडे परवाचं कुंकू. तो स्वतः खुर्चीत बसून एका फोनच्या पोटात डोकावत होता.

"बघा काकू, मी तर फक्त अपडेट येनार हाय म्हनून मेसेज टाकलता," तो सांगू लागला. "रात्री निळा दिवा फिरला असंल, सकाळी डबा गप. असं होतं कवा कवा. बोर्ड उडाला असंल. संभाजीनगरला पाठवावा लागंल, महिना जाईल. न्हाईतर नवा घ्या."

"तू उघडून बघितला का?"

"न्हाई. सोनं द्यायला गेलतो संध्याकाळी, तवा हाक मारून बघितली. बटण बंद-चालू केलं. ओ न्हाई दिली."

"अन् दिवा?"

बद्रीनाथनं डोकं खाजवलं. "दिवा लागला व्हता."

"मग मेलाय कशावरून म्हनतो?"

"ओ देत न्हाई म्हनून."

"तुज्या बायकोनं ओ दिली न्हाई तर तिला मेली म्हनतो का बे तू?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. शेजारी रिचार्जसाठी उभी असलेली दोन माणसं हसायला लागली. बद्रीनाथही हसला, कारण बायकोनं तीन दिवस अबोला धरल्याचं सगळ्या चौसाळ्याला माहीत होतं.

बाई परत निघाल्या, तेव्हा डोक्यात एकच विचार घोळत होता. अपडेट रात्री आलं. पण नवमीला दिवसभर मैनेला कुणी हाकच मारली नव्हती. मग ती रात्रीच बिघडली हे कशावरून? सकाळी बिघडली असेल, दुपारी बिघडली असेल. सुट्टीवरच्या माणसाची तब्येत कोण विचारतो?

४

विमलबाईंच्या घरी त्या पोचल्या, तेव्हा जेवणं उरकत होती. शहादेव हात धूत होता, अजिनाथ पाण्याचा तांब्या तोंडाला लावून होता, शिवकन्या ताटं गोळा करत होती. सत्यशीलाबाई तिवईजवळ येऊन बसल्या आणि काही विचारणार, एवढ्यात मागून गोड, स्वच्छ आवाज आला.

"विमलबाई, आपकी गोली का समय हो गया है."

शिवकन्येच्या हातातलं ताट खाली पडलं. अजिनाथला ठसका लागला. शहादेवनं चटकन माळ धरली आणि "पांडुरंग, पांडुरंग" म्हणाला. तिवईवरच्या मेलेल्या मैनेच्या कडेनं निळा दिवा फिरत होता.

"मैना!" शिवकन्या ओरडली. "मैना, ऐक गं!"

मैना पुन्हा गप्प.

सगळ्यांत शांत विमलबाई होत्या. त्यांनी उशाखालची गोळी चाचपून काढली आणि तोंडात टाकली. "काल बी बोलली ती," त्या म्हणाल्या. "तुमी समदे नारायणगडाला गेलतात दर्शनाला. ती बोलती, पन माझं ऐकत न्हाई. माझ्यावर रुसलीय."

"तुमी सांगितलं कावून न्हाई?"

विमलबाईंनी पदर तोंडाशी नेला.

सत्यशीलाबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू उमटलं, जे पाहिलं की गावातले भलेभले तंटेखोर आपणहून कबुली द्यायला लागायचे. "शिवकन्ये, बद्रीनाथला फोन लाव. म्हनावं, बारीक सुई, कापूस अन् तुजं ते सफाईचं औषध घेऊन ये. अन् घरातल्या कुनीबी भाईर जायचं न्हाई. मैना मेली न्हाई, ठरल्या वक्ताला बोलती. तिचे कान कुनीतरी बंद केलेत. अन् कुनी केलेत ते मला कळलंय."

५

बद्रीनाथ आला. अंगणातून दोन शेजारणीही आत सरकल्या, कारण सत्यशीलाबाई निकाल देतायत म्हटल्यावर चौसाळ्यात कुणाचा पाय घरात ठरत नसे.

"आधी एक सांगा," बाईंनी सुरुवात केली. "या घरात चार्जरला बी कुंकू लागलंय. मग मैनेलाच कावून न्हाई? सुट्टी दिली तिला, म्हंजे ती राबनारी हे समद्यांना कबूल. तरी तिचं कपाळ कोरं. असं व्हतंय का कुठं? न्हाई. तिला टिळा लागला व्हता. कुनीतरी लावला अन् लगेच पुसला. बद्रीनाथ, डब्याला ऐकू कुठनं येतं?"

"माथ्यावर चार छिद्रं असत्यात, काकू. त्या खळग्यांत. आत माइक."

"तेच खळगे. टिळा लावायला बोट आपोआप तिथंच जातं. वला टिळा लावायचा अन् वरून रगडून पुसायचा, म्हंजे काय होईल? आत बसंल. चालू कर."

बद्रीनाथनं सुईला कापूस गुंडाळला, औषधात बुडवला आणि देवळीकडच्या खळग्यात फिरवला. कापूस काळा होऊन बाहेर आला. त्याला मंद सुगंध होता.

"बुक्का," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि शहादेवकडे पाहिलं. "सायकलच्या चेनला असला वास असतो का, शहादेवराव?"

शहादेवनं मान खाली घातली. मग एकदम बोलून टाकलं, "वैनीनं सांगितलं की ती रोज पाटे काकडआरती लावती. रानातून येताना मला बी ऐकू येती. म्हनलं, देवाचं नाव घेती ती, तिला बुक्का लावावा. मग अजिनाथच्या चपला वाजल्या. इतके दिस शिव्या दिल्या, आता हसंल म्हनून पुसला."

अजिनाथ हसलाच. पण त्याचं हसू फार टिकलं नाही, कारण अंगणाकडच्या दुसऱ्या खळग्यातून कापूस शेंदरी निघाला.

"मी कोयत्याला लावत व्हतो," तो कपाळ पुसत म्हणाला. "कोयता पोट भरतो, अन् ही माझी आई सांभाळनार. म्हनून लावला. तेवढ्यात चुलते आले. ते काय काय बोलले असते. म्हनून टॉवेलानं..."

"मग आईला कोपीवर न्यायचंय म्हनून कावून सांगितलं?"

"मीच बिघडवली म्हनल्यावर काय तोंडानं म्हनू, ऱ्हा घरी?"

तिसरा खळगा स्वयंपाकघराच्या बाजूचा. हळद. शिवकन्येनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हे मला येडी म्हनले असते," ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. शेजारणी हसून हसून एकमेकींवर पडल्या. तिघांनाही वाटत होतं की आपल्याच हातानं मैना मेली. म्हणून तिघंही त्या बिचाऱ्या अपडेटवर तुटून पडले होते, आणि ज्यानं रात्री गुपचूप येऊन आपलं काम केलं त्या अपडेटचा काडीचाही दोष नव्हता.

उरला चौथा खळगा. बाजेकडचा.

बद्रीनाथनं सुई फिरवली. कापूस लाल आला. कुंकू.

सगळ्यांनी शिवकन्येकडे पाहिलं. "मी न्हाई," ती म्हणाली. "मी फक्त हळद लावलती. चाहूल लागली अन् कुंकू राहूनच गेलं."

मग बाजेवरून आवाज आला, इतका हळू की शेजारणींना पुढं झुकावं लागलं.

"ते माझं हाय."

विमलबाईंनी बोट पदरात दडवलं. "पाटे उठले. करंडा चाचपून घेतला. हे गेल्यापासून कुंकवाला बोट लावलं नव्हतं मी. पन मनात आलं, मैनेला कोन लावनार? ती माझीच हाय ना. लावलं. अन् मग भ्या वाटलं, माझ्या हाताचं कुंकू, कशाला लावलं. पदरानं पुसलं. दुसऱ्या दिशी हाक मारली, तर ती गप. तवाच कळलं, माझ्या हातानंच गेली."

शिवकन्या पुढं झाली, पण सत्यशीलाबाईंनी तिला हातानं थांबवलं. निकाल अजून पुरा व्हायचा होता. आता त्यांचा आवाज समितीच्या अध्यक्षांचा नव्हता. त्या बाजेच्या कडेला बसल्या आणि विमलबाईंचं ते कुंकू लावणारं बोट आपल्या हातात घेतलं.

"बद्रीनाथ, चारातला एकच कान बंद झाला असता तर मैना बहिरी झाली असती का?"

"न्हाई काकू. दोन बंद झाले असते तरी तिनं ऐकलं असतं. चारी बंद झाले म्हनून गप्प झाली."

"ऐकलं का, विमलबाई? तुमी सगळ्यात आधी, पाटे लावलं. त्या वक्ताला हाक मारली असती तर तिनं ओ दिली असती. कुना एकाच्या हातानं हे व्हतच न्हाई. या घरातल्या प्रत्येकानं तिला जीव लावला, अन् प्रत्येकानं तो लपवला, तवा कुठं ती बहिरी झाली. तुमच्या हाताला काही लागलेलं न्हाई. लागलंय ते कुंकू."

विमलबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

बद्रीनाथनं चौथा कान स्वच्छ केला आणि डबा जागेवर ठेवला. मग तो मागे सरकला. कुणीही हाक मारेना. सगळे बाजेकडे पाहत राहिले.

"मैना," विमलबाई म्हणाल्या.

निळा दिवा फिरला. "जी, विमलबाई."

"कैशी हाय तू?"

"मैं ठीक हूँ. आप कैसी हैं?"

"लई ब्येस," विमलबाई म्हणाल्या. मैनेला ते कळलं नसावं, पण घरातल्या बाकी सगळ्यांना कळलं.

६

दुसऱ्या सकाळी मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा होता. भांडीकुंडी, पाचटासाठी दोर, गोधड्या, सगळं चढलं होतं. अजिनाथनं कोयत्यांची मोळी ट्रॉलीत टाकायला उचलली आणि परत खाली ठेवली.

"आई, इकडं ये."

विमलबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. शिवकन्येनं करंडा आणला, उघडला आणि सासूचं बोट त्यात बुडवलं. विमलबाईंनी हात मागं ओढला. "मी नगं. तू लाव."

"नवमीला मैनेला लावलं ना?" अजिनाथ म्हणाला. "मग कोयत्याला बी तूच लाव. न्हाईतर मी जातच न्हाई."

ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. सत्यशीलाबाई आपल्या ओट्यावरून बघत होत्या, आणि आज पहिल्यांदाच त्या कुणाच्या घरच्या प्रकरणात मध्ये पडल्या नाहीत. विमलबाईंनी चाचपत कोयत्याचं पातं शोधलं आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. मग दुसऱ्यावर. मग ट्रॅक्टरच्या बोनेटवर, जिथं शिवकन्येनं हात धरून नेला तिथं. शहादेव मोठ्यानं म्हणाला, "झालं का? आता निघा, ऊस वाळून जाईल."

ट्रॉली हलली. विमलबाई आत येऊन बाजेवर बसल्या. घर एकदम रिकामं झालं. त्यांनी तिवईकडे हात नेला, खळगे टाळून डब्याच्या पोटावर कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि या वेळी पुसलं नाही.

ट्रॅक्टरचा आवाज अजून हायवेवर विरलाही नव्हता, तोच मैनेचा दिवा फिरला.

"विमलबाई, अजिनाथ का फोन है."

विमलबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "ले उठाव," त्या म्हणाल्या. "गावची येससुदिक वलांडली नसंल अजून पोरानं."